पाटलाच्या पोरीची जागा

प्रकाशा गावचे नवल पाटील शाळेत भांडायला निघाले तेव्हा त्यांनी कोशा फेटा बांधला, नवा जोडा घातला आणि शहाद्याच्या कचेरीत कानावर पडलेली चार शुद्ध वाक्यं वाटेत घोकून घेतली. मास्तरांपुढे अहिराणी चालायची नाही, अशी त्यांची समजूत. शाळेची पायरी चढेपर्यंत तीन वाक्यं विसरली आणि उरलेलं एक शेताच्या मोजणीचं निघालं.

प्रकरण त्यांच्या सिंधूचं होतं. आठ वर्षांची पोर, दुसरीत शिकत होती. चार दिवसांनी शाळा तपासणारे डिपोटी साहेब परीक्षा घ्यायला येणार होते, आणि शाळेचा निकाल बिघडू नये म्हणून रतिलाल मास्तरांनी तिचं नाव यादीतून वगळलं होतं. नवलच्या आईने बजावलं होतं, यंदा वर चढली नाही तर पोरीची शाळा बंद. गावात पाटीलकी नवलची असली तरी घरात ती आईकडे होती. तिथे नवलकडे नुसता फेटा होता.

"मन्ही पोर ढ नही शे," नवल दारातूनच कडाडले. "तोंडी हिशोब माले येत नही, तिले येस. तिन्हं नाव काबर काढं?"

"तोंडी सगळं येतं हो," मास्तर शांतपणे म्हणाले. "पण फळ्यावरचं एक अक्षर वाचत नाही. विचारलं की मान खाली घालते."

"तिले दूरनं दिखत नही!"

हे सांगताना नवलचा आवाज असा होता, जणू हा शोध त्यांनीच लावला. खरं तर पोर तांदूळ निवडताना ताट नाकाला लावते, अंगणात आलेलं माणूस आवाजावरून ओळखते, हे त्यांच्या बायकोने, दगूबाईने तीनदा सांगितलं होतं. तीनही वेळा नवलनी, पोर लाजाळू आहे, असा निवाडा दिला होता. चौथ्यांदा दगूबाई बोलली नाही. नवलसमोर पोरीला ओट्यावर उभी करून तिने पुढच्या कडुलिंबावरचं माकड दिसतं का, असं विचारलं. पोरीला लिंबाचं झाडच नीट दिसेना, तेव्हा कुठे पाटलांच्या डोक्यात उजेड पडला.

"मग तिले एवढं मांगे कोन्ही बठाडं?" नवलनी शेवटचा दणका दिला.

मास्तरांनी चष्मा पुसला. "तुम्हीच, नवलभाऊ."

नवलना सगळं आठवलं. चावडीत पाटील भिंतीला पाठ टेकून लोडाशी बसतो आणि अर्जविनंत्या घेऊन आलेले समोर उकिडवे बसतात. मानाची जागा म्हणजे भिंत. म्हणून नाव घातलं त्या दिवशी त्यांनी स्वतः येऊन मागच्या भिंतीशी जाड सतरंजी अंथरली होती, आणि पाटलाची पोर त्याच खोलीत पुढे बसणाऱ्या बिगारीच्या, पहिलीआधीच्या लहान पोरांत बसणार नाही, असं मास्तरांना दरडावलं होतं. वर आठवडाभर हा पराक्रम गावाला ऐकवला होता.

ते मागे गेले. सिंधू सतरंजीवर ताठ बसली होती.

"फळ्यावर काय लिखेल शे, बेटा?"

"माले दिखत नही, आबा."

"मंग इतला दिन सांगं काबर नही?"

"माले वाटनं, फळा पुढल्या पोरेससाठी शे."

दोन वर्षं पोर मान सांभाळत बसली होती, आणि तो मान नवलनीच तिच्या गळ्यात बांधला होता. त्यांनी तिला हाताला धरून पुढे आणलं आणि त्यांचा सालदार भिला याच्या पोरीशेजारी, रूपलीशेजारी बसवलं. सिंधू बावरली, म्हणून स्वतःही खाली बसले. बिगारीची पोरं फेट्याकडे बघून खुदखुदू लागली. हसू देत, नवल मनात म्हणाले, हसण्यासारखंच आहे.

"आते वाच."

फळ्यावर परीक्षेला बसणाऱ्या मुलांची यादी होती. सिंधू डोळे बारीक करून सावकाश, एकेक नाव मोठ्याने वाचत गेली. एकही चुकलं नाही. शेवटच्या नावाशी ती थांबली. खाली आणखी काही आहे का म्हणून उठून फळ्याजवळ गेली, बोट फिरवून पाहिलं.

"आबा, मन्हं नाव नही शे."

नवल उठले नाहीत. चावडीत अर्ज घेऊन येणाऱ्यांसारखेच उकिडवे बसून त्यांनी मास्तरांपुढे हात जोडले.

"मास्तर, चूक मन्ही शे. तिन्हं नाव लिखा."