माझ्यावर घेतलेली आण

मी घोंगडी बोलतेय. काळी, जाड, अंगाला टोचणारी. नाकं मुरडू नका, टोचणं आमच्या लोकरीतच असतं. पण काही वर्षं झाली, माझं मलाच टोचतंय. लाज वाटते हो. म्हणून आज तोंड उघडलं.

माझा जन्म कवठे महांकाळकडच्या माळावरचा. बिराप्पा धनगराच्या कोकरांची पहिली लोकर, तिला जावळ म्हणतात. तिचं सूत त्याच्या बायकोनं, सुलाबाईनं, मेंढरांमागं चालता चालता कातलं. सणगरानं विणलं आणि चिंचोक्याची खळ लावून मला ताठ केलं. बिराप्पा म्हणायचा, जावळाची घोंगडी विकायची नसते, जिवाभावाच्या माणसाला द्यायची असते.

त्रेचाळीस साली तिथं नाथाजी आला. उंब्रजच्या ऊसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. दोघं चुलते पलटणीत, आणि हा गडी विद्यापीठात धर्माचं समाजशास्त्र शिकत होता! लोक देवाला का मानतात, माणसाच्या अंगात येतं म्हणजे काय होतं, यावर त्याला प्रबंध लिहायचा होता.

"आवं, देव मानाय कारण लागतंय व्हय?" सुलाबाई पदराआड हसली.

पण पोरगा लाघवी. मेंढरं हाकली, ताकभाकरी खाल्ली, सहा महिने राहिला. एक दिवस बिराप्पानं मला त्याच्या खांद्यावर टाकलं. "आता तू घरचा," म्हणाला.

बिराप्पाच्या अंगात बिरोबा यायचा. दर जत्रेत तो भाकणूक सांगायचा, पाऊस कुठं पडेल, रोगराई कुठं येईल. त्याच्या शब्दावर आसपासच्या वाड्या मेंढरं हलवायच्या.

एका दुपारी मेंढरं बाभळीखाली बसली होती. माझ्यावर हे दोघंच.

"नाथाजी, एक सांगू? आजवर कुणाला बोललो न्हाई. सुलालाबी न्हाई."

मागच्या दुष्काळात सगळे त्याला विचारायला जमले होते, कृष्णाकाठाला उतरायचं की थांबायचं. त्या दिवशी देव आलाच नाही. एवढी माणसं तोंडाकडं बघत बसलेली. रिकामं उठायची त्याला लाज वाटली.

"म्या आपला नुसताच घुमलो. म्हनलं, आठ दिसांत पाऊस हाय, हलू नगा." बिराप्पा डोळे पुसत होता. "निम्मी मेंढरं माळावर मेली रं."

मग त्यानं माझ्यावर चिमूटभर भंडारा ठेवला. "ह्ये बुकात न्हाई यायचं."

नाथाजीनं भंडाऱ्यावर हात ठेवला. "बिरोबाची आण, आबा. न्हाई लिवणार."

उठताना त्यानं मला झटकलं. माणसांची सवयच ती. बरीचशी हळद उडाली, थोडी माझ्यात मुरली. एक पिवळा डाग राहिला.

साताऱ्याला येऊन नाथाजी लिहायला बसला. प्रबंध बघून त्याचे गुरुजी म्हणाले, "सगळं ठीक, पण यात नवीन काय आहे?" तीन दिवस पठ्ठ्या नीट जेवला नाही. चौथ्या दिवशी सकाळी, कडाक्याच्या थंडीत, मला अंगाभोवती लपेटून त्यानं ते पान लिहिलं. नावसुद्धा बदललं नाही. "वाडीत वाचायला कुणाला येतंय!" असं पुटपुटला. आणि मी काय केलं? ऊब दिली. घसरून खाली पडायचं तरी होतं मेलीनं!

पदवी मिळाली. सेहेचाळीसला पुस्तक छापलं, सांगलीला कॉलेजात नोकरी लागली. वर्गात तो शिकवायचा, "शपथ ही समाजाला धरून ठेवणारी गाठ आहे." मुलं भराभर लिहून घ्यायची. मी खुर्चीच्या पाठीवर ऐकत पडलेली असायचे.

आणि शहाणपणा बघा, पुस्तकाची एक प्रत यानं स्वतःच बिराप्पाला पाठवली. प्रेमानंच पाठवली म्हणा. पण वाडीत तोवर शाळा निघाली होती. गावाचं नाव छापून आलंय म्हणून मास्तर हरखला आणि देवळापुढं सगळ्यांना बसवून मोठ्यानं वाचत सुटला. ते पान निम्मं वाचल्यावर त्याला अर्थ कळला आणि तो थांबला, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं.

अठ्ठेचाळीसच्या हिवाळ्यात सुलाबाई सांगलीला आली. दारातच उभी राहिली.

"माज्या भावाच्या मेंढरांचं समदं खांड त्या दुष्काळात मेलं. का मेलं, ते मला तुमच्या बुकातनं कळलं."

"ते पान मी काढून टाकतो," नाथाजी कसाबसा म्हणाला.

"छापल्यालं काडशिला. ऐकल्यालं कसं काडशिला? औंदा जत्रंत त्येंच्याफुडं कोन बसलं न्हाई. त्येंनी तुमाला बलिवलंय. ते पान तुमच्या तोंडनं ऐकायचंय म्हनं."

नाथाजी मला खांद्यावर टाकून निघाला. वाटेत एसटी नव्हती की काही नव्हतं, शेवटचे चार कोस दोघं पायी चालले.

बिराप्पा वाळला होता. त्यानं मला पसरायला लावलं आणि नाथाजीला समोर बसवलं. नाथाजीनं पुस्तक उघडलं आणि थांबला.

"वाच की रं. खरंच हाय न्हवं?"

नाथाजीनं वाचलं. शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"समदं बराबर लिवलंस," बिराप्पा म्हणाला. "माजी लबाडी हाय तशी हाय. पर एक ऱ्हायलं."

"काय ऱ्हायलं, आबा?"

बिराप्पानं माझ्यावरच्या पिवळ्या डागावर बोट ठेवलं. "हितं हात ठिवला हुतास, त्ये."

नाथाजीनं पुस्तक मिटलं. उठला तेव्हा सवयीनं त्यानं माझं टोक धरलं, झटकायला. मग सोडून दिलं आणि मला तशीच पसरलेली ठेवून गेला.

आता मी बिराप्पाच्या अंथरुणात असते. पुस्तक पुन्हा छापलं जाणार आहे, असं मास्तर सांगतो. पत्रात नाथाजीनं कळवलंय, त्या आणेचं नवं पान लिहायला घेतलंय. वर्ष झालं त्याला. बिराप्पाला आता खोकला धरलाय, तरी मास्तर दिसला की त्याचं ठरलेलं असतं, "आलं का रं त्ये पान?"

नाथाजी, लेकरा, ते पान लिहिताना तू माझी ऊब घेतली होतीस. हे पान थंडीत बसून लिही, पण लिही. म्हातारा अजून वाट बघतोय.