किल्ल्याची माती

नफीसाने छिन्नी खाली ठेवली, कारण ती धरणारा हात तिचा वाटत नव्हता. बोटं तीच, अंगठीही तीच, पण हात जणू काचेपलीकडच्या कुणा बाईचा. समोरची बिदरी सुरई, शेजारी चांदीची तार ठोकणारे सासरे इलियासमियां, सगळं लांब गेलं होतं. ठोके ऐकू येत होते, तेही शेजारच्या घरातून यावेत तसे.

महिन्यातली ही चौथी वेळ. तिची मावशीसुद्धा अशीच हात न्याहाळत बसायची. सासरच्यांनी तिला वेडी ठरवून माहेरी धाडलं, पोर मात्र ठेवून घेतली. नफीसाची मुलगी सात वर्षांची. म्हणून तिने नवऱ्यालाही काही सांगितलं नव्हतं. ती उठली, बसली, पुन्हा उठली.

"बस," इलियासमियां म्हणाले आणि त्यांनी मातीचा डबा सरकवला.

बिदरच्या किल्ल्यातली, ऊन-पाऊस न लागलेली माती. तिच्या उकळत्या पाण्यात भांडं काळंभोर होतं, चांदी तेवढी पांढरी राहते. कारागीर ती जिभेवर पारखतात.

"चाख. कशी आहे?"

"खारट."

"आणखी?"

"चरचरते. दात करकरतात."

"कुणाचे दात?"

नफीसाने दातांवरून जीभ फिरवली. मग हळूच म्हणाली, "माझे."

"मग झालं तर. हे वेड नव्हे, बेटी. येतं नि जातं."

तिला भडभडून आलं. ओढणीने डोळे पुसून तिने छिन्नी उचलली. हात तिचाच होता.

काम करता करता तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. माती पारखायची ती किल्ल्यातून आणल्यावर, एकदाच. हा डबा तर सोमवारीच पारखला होता. इलियासमियां मात्र दिवसातून दहादा चिमूट जिभेवर ठेवत. म्हाताऱ्याला डोहाळे लागलेत म्हणून अख्खी गल्ली हसायची. नफीसाही हसली होती. तिला आता त्या हसण्याची लाज वाटली.

दुपारी सासऱ्यांची हातोडी अर्ध्यातच थांबली. इलियासमियां स्वतःच्या तळव्याकडे बघत होते, कपाळावर घाम. नवरा दारातून ओरडला, "अब्बा, लागली वाटतं भूक मातीची?"

नफीसा हसली नाही. तिने डबा त्यांच्या गुडघ्यापाशी सरकवला.

"कशी आहे, अब्बा?"

त्यांनी चिमूट जिभेवर ठेवली. तिने वाट पाहिली.

"खारट," ते म्हणाले.

"आणखी?"