यादीतलं पहिलं नाव

मी छापखान्यात मुद्रितं तपासते. वीस वर्षं झाली. चूक दिसली की माझा हात शिवशिवतो, मग ती पुस्तकात असो, औषधाच्या बाटलीवर असो नाहीतर दुकानाच्या पाटीवर. दादा म्हणतो, "तू मेल्यावरसुद्धा उठून आपला मृत्यूचा दाखला तपासशील."

दादा माझा थोरला भाऊ, केस कापायचं दुकान चालवतो. दुकानातला आरसा भिंतीवरून निसटला, ह्यानं झेलायला हात घातला आणि उजवा अंगठा वाकवणारी शीर तुटली. डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं, "दोन आठवड्यांत जोडली तर अंगठा वाकेल. उशीर केलात तर कात्री विसरा."

बाई सरकारी विम्याचं कार्ड घेत होत्या. इस्पितळही घेत होतं. घेत नव्हता तो फक्त भूल देणारा डॉक्टर, कारण तो बाहेरून यायचा. म्हणजे कापणार सरकार, शिवणार सरकार, झोप तेवढी तुमची तुम्ही आणा! "विमा कार्यालयातून भूलतज्ज्ञांची यादी घ्या," बाई म्हणाल्या. "कार्ड घेणारा कुणीही आणा, मी तयार आहे."

यादीत सात नावं होती. मी पहिल्या नंबरला फोन लावला. एका म्हाताऱ्या बाईनं उचलला.

"डॉक्टर आहेत का?"

"नाहीत हो, ते वारले. दोन वर्षं झाली. पण तुम्ही..."

पुढचं मी ऐकलंच नाही. "शी! मेलेल्या माणसाचं नाव यादीत ठेवतात!" असं म्हणून फोन आपटला आणि तडक विमा कार्यालय गाठलं.

तिथला कारकून डबा खात होता. दोन वर्षांपूर्वी वारलेला माणूस भूल द्यायला कसा येणार, असं मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "लेखी द्या." मी दिलं की! मुद्देसूद, सुवाच्य, एकही खाडाखोड नसलेली दीड पानी तक्रार. त्यानं दोनदा वाचली, शिक्का मारला आणि माझ्या डोळ्यांदेखत पहिल्या नावावर लाल रेघ ओढली. असा गारवा वाटला जिवाला! बाकीची सहा नावं जिवंत होती, म्हणून ती त्याच्या मते बरोबरच होती.

त्या जिवंतांची काय गंमत सांगू? एक फक्त लहान मुलांना भूल द्यायचा. एकाचा नंबर फुलवाल्याचा निघाला. दोघांनी कार्ड कधीच सोडलं होतं. एकाचा फोन कुणी उचललाच नाही. आणि शेवटच्याच्या दवाखान्यातली पोरगी गोड आवाजात म्हणाली, "डॉक्टर कार्ड घेतात ना, पण कार्डवाले पेशंट घेत नाहीत." मी तिला म्हटलं, "बाळ, हे वाक्य परत एकदा म्हणून बघ." तिनं परत म्हटलं, तितक्याच गोड आवाजात!

दहा दिवस गेले. दादा डाव्या हातानं कात्री धरायचा सराव करायला लागला. जुन्या वर्तमानपत्राच्या कडा कापायचा, त्याही तिरप्या. रात्रंदिवस बडबडणारा न्हावी गप्प बसला की घर खायला उठतं. मला रडू यायचं आणि रडू आलं की माझा राग आणखी चढतो.

अकराव्या दिवशी पुन्हा विमा कार्यालयात गेले, भांडायलाच. बाकावर शेजारी एक बाई बसली होती. माझ्या हातातली चुरगळलेली यादी बघून म्हणाली, "पहिल्या नंबरला लावलात का?"

"अहो, तो मेलाय!"

"तो मेलाय हो, पण त्याची बायको आहे ना! ती सांगते कुणाला गाठायचं ते. माझ्या नवऱ्याला भूल देणारा तिनंच मिळवून दिला. सगळे तिलाच विचारतात."

मी तिथल्या जिन्यातच फोन लावला.

"मागे फोन आपटलात त्या तुम्हीच का?" म्हातारी म्हणाली. आवाज ओळखला होता तिनं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ती रागावली नाही. "ह्यांचा नंबर मी मुद्दाम चालू ठेवलाय. रोज चार-पाच जण लावतात, बिचारे. ह्यांच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आहे, तिचं नाव शेजारच्या गावच्या यादीत आहे. तुमचं कार्ड तिच्याकडेही चालतं, पण हे कुणी सांगतं का? दर गुरुवारी ती इकडे येते. लिहून घ्या नंबर."

गुरुवार म्हणजे तेरावा दिवस. ती मुलगी आली, दादाला म्हणाली, "काका, दहापासून उलटे आकडे म्हणा," आणि सातावर आमची बडबडी स्वारी गाढ झोपली.

सहा आठवड्यांनी पट्टी निघाली. अंगठा वाकला! थोडा, कण्हत, पण वाकला. दादानं आधी कंगवा उचलला आणि भर दवाखान्यात माझाच भांग पाडला. मी आनंदानं म्हातारीला फोन केला.

"बरं झालं गं बाई," ती म्हणाली. "खरं सांगू? महिना झाला, तुझाच पहिला फोन. यादी नवी छापलीय म्हणे, त्यात ह्यांचं नाव नाही. कुणीतरी लेखी तक्रार केली. लोक आता कुणाला विचारत असतील?"

माझ्या तोंडून 'मी' काही निघालं नाही. "असेल कुणीतरी रिकामटेकडं," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी छापखान्यातून सुट्टी काढून विमा कार्यालयात गेले. भिंतीवर नवी यादी लावली होती. सहा नावं, शुद्धलेखन चोख. खाली बाकावर एक तरुण बाई मांडीवर पोर घेऊन नंबर फिरवत होती, ओळीनं. फुलवाल्यापर्यंत पोचली होती. मी तिला जवळ बसून म्हातारीचा नंबर दिला. पण रोजच्या चार-पाच जणांना कोण देणार?

कारकून डबा खात होता.

"ते पहिलं नाव परत घाला," मी म्हटलं.

त्यानं मला ओळखलं. पहिल्यांदाच हसला. "तुमचीच तक्रार ना? अक्षर काय सुंदर! आमच्या साहेबांनी सगळ्यांना दाखवली." मग डब्याचं झाकण लावून त्यानं नियमांचं पुस्तक काढलं आणि बराच वेळ पानं उलटली.

"घालता येईल," तो म्हणाला. "डॉक्टरांचा हयातीचा दाखला आणा."