सोवळ्याच्या गाडीतली ओल

कल्याणहून ठाण्याला आगगाडी धावायला लागून वीस वर्षं झाली, तरी आमचे दाजीसाहेब तिच्यात पाय ठेवायला तयार नव्हते. आगगाडीत कोण कुणाच्या मांडीला मांडी लावून बसेल याला धरबंध नाही, असं त्यांचं म्हणणं. त्यांची भातशेती डोंबिवलीकडे आणि मिठागरं कळव्याच्या खाडीला, म्हणजे फेऱ्या मारणं भाग. मग वाटेत राहायचं कुठे आणि कुणाच्या हातचं पाणी प्यायचं? यावर त्यांनी जो तोडगा काढला तो बघायला अर्धं कल्याण पारनाक्यावर जमलं होतं. चार चाकांवर उभं, दोन बैलजोड्या ओढतील असं लाकडी घरच त्यांनी बांधून घेतलं. पुढच्या खणात त्यांची बैठक आणि बिछाना. मागच्या खणात देव, सोवळ्याची भांडी आणि गोदाकाकू. लोक तिला सोवळ्याची गाडी म्हणत आणि ती पुढे गेली की हसत. मीही हसलो असतो, पण मी दाजीसाहेबांचा कारकून होतो.

गोदाकाकू ही त्यांच्या थोरल्या भावाची बायको. बाराव्या वर्षी विधवा झाली, आणि तेव्हापासून पन्नास वर्षं त्या घराच्या चुलीपाशी होती. देवाचा नैवेद्य तिच्या हातचा, आणि दाजीसाहेबही दुसऱ्या कुणाच्या हातचं जेवत नसत. तिचं स्वतःचं म्हणावं असं जगात एवढंच होतं. ती सोवळ्यात असली की घरातल्या धडधाकट सुना पदर सावरून बाजूला होत, आणि तेवढ्यावर ती खूश असे.

गाडी बांधली भिवा सुताराने. पुढच्या खणासाठी नवं सागवान आलं. मागच्या खणाची वेळ आली तेव्हा दाजीसाहेबांना आठवलं की आपला जुना पडाव, मीठ वाहायची होडी, खाडीकाठी मोडून पडला आहे, त्याच्या फळ्या चालतील.

भिवा म्हणाला, "दाजीसाहेब, तीस वर्षं खाडीत राहिलेलं लाकूड आहे. दोन पावसाळे बाहेर पडू द्या, धुऊन निघू द्या."

"सागवान आहे ना?"

"आहे."

"मग मागच्या खणाला काय धाड भरली आहे?"

मी तिथेच उभा होतो. हे सगळं मी माझ्या कानांनी ऐकलं आणि विसरून गेलो. जे लिहून घ्यायला सांगत नाहीत ते कारकुनाच्या डोक्यात राहत नाही.

पौष-माघात दोन फेऱ्या झाल्या. गाडी खडखडीत कोरडी. चैत्रात खाडीवरून दमट वारं सुटलं, आणि डोंबिवलीच्या मुक्कामी एका सकाळी काकूने आतून हाक मारली, "अरे, देवाखाली ओल कशी?"

खरंच होती. फळ्या काळ्या पडल्या होत्या, हात लावला की चिकट लागत, आणि वासही जरा उग्र होता. आकाशात सहा महिने ढगाचा तुकडा नव्हता. घागर कलंडली असेल म्हणून पुसून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. दुपारी उन्हात वाळायचं आणि सकाळी परत हजर.

दाजीसाहेब बेचैन झाले. पाणी कुठून येतं यापेक्षा ते कुणाचं, हा त्यांचा प्रश्न होता. सोवळ्याच्या गाडीत ठाऊक नसलेलं पाणी म्हणजे विटाळच. मला हुकूम झाला, "कारकून, गळती शोधून काढा."

गाडी कल्याणला परत आणून मी भिवाला टपावर चढवलं. त्याने वरून पन्नास घागरी ओतल्या, चारही बाजूंनी ओतल्या, आणि मी आत मांडी घालून वर बघत बसलो. एक थेंब आला नाही. मग चाकं ओढ्यात उतरवून खालून पाणी लागतं का ते पाहिलं. तळ कोरडा. भिवाने राळ आणि तेल लावून प्रत्येक सांधा पुन्हा बुजवला. कामात खोट निघेल म्हणून तो घाबरला होता, फळ्यांची आठवण काढायची त्याची छाती झाली नाही.

पुढच्या फेरीला मी डोकं चालवलं. संध्याकाळी मागच्या खणात काकूच्या चटईच्या भोवती बारीक कोरडी रांगोळी पसरली. पाणी जिथून येईल तिथे रांगोळी भिजेल, माग लागेल. सकाळी पाहिलं तर रांगोळी सगळीकडे जराशी दमट होती, पण माग कुठे दिसेना. मग मी काकूला बाहेर बोलावलं आणि चटई उचलली. खाली बरोबर चटईएवढी ओल होती, चांगली ओली.

दाजीसाहेब पायरीवर उभे होते. गाडीवान नाथा बैलांना पेंढा घालता घालता थांबला. "मग?" दाजीसाहेबांनी विचारलं. "कुठून येतंय?"

मी म्हणालो, "वरून नाही, खालून नाही, बाहेरून नाही. म्हणजे आतूनच म्हणायचं."

आणि मी काकूकडे बघून किंचित हसलो. खरं सांगतो, त्या वाक्याचा मला अभिमान वाटला होता. महिनाभर डोकेफोड केली होती, आणि उत्तर कसं नेमकं चार शब्दांत बसलं होतं. नाथा फिसकन हसला तेव्हा तर मला फारच बरं वाटलं.

काकूला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा ती म्हणाली, "अरे, मला समजलं नसतं का?"

"झोपेत काय समजतं, वहिनी," दाजीसाहेब म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "वय झालं. त्यात लाज कसली?"

"माझं लुगडं कोरडं आहे, भाऊजी."

"आता ते तपासत बसू का आम्ही?"

लुगडं खरोखरच कोरडं होतं. चटईच्या वरच्या अंगाला हात लावला असता तर तीही कोरडीच निघाली असती. पण ते पाणी कसलं आहे हे एकदा ठरल्यावर त्याला हात कोण लावणार? बोट लावून वास घेणंसुद्धा कुणाला नको होतं.

त्याच सकाळी तिला चुलीवरून उठवलं. दाजीसाहेबांनी स्वतः भात शिजवला, तो करपला. देव उचलून पुढच्या खणात नेले. काकू मागेच राहिली, कारण आता तिला दुसरीकडे कुठे ठेवायचं हाही प्रश्न होता. त्या दिवसापासून तिने दुपारनंतर पाणी प्यायचं सोडलं. रोज सकाळी मी चटई उचलायचो आणि दाजीसाहेबांना ऐकू जाईल असं सांगायचो, "ओली." चौथ्या दिवशी तिने सकाळचं पाणीही अर्ध्यावर आणलं. पाचव्या दिवशी मी "ओली" म्हणालो तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "असेल बाबा. मलाच कळत नसेल." आपण निर्दोष आहोत असं वाटणारं शेवटचं माणूस होतं ते, आणि तेही पाचव्या दिवशी फितूर झालं.

कळव्याला पोचलो. गाडी बाटलीच आहे, तेव्हा धुवायला कुणी का असेना, म्हणून मिठागरावरच्या आवडाबाईला बोलावलं. तिचं उभं आयुष्य मिठात गेलेलं. कोंडीतलं, म्हणजे मिठाच्या वाफ्यातलं, पाणी मिठाला आलं की नाही हे ती माणसं जिभेवर ठरवतात. दिवसातून शंभरदा बोट पाण्यात आणि बोट तोंडात. आवडाबाई वाकली, ओल्या फळीवर तिने हात फिरवला आणि सवयीने बोट तोंडात घातलं.

मी ओरडलो, "अगं थुंक! थुंक ते! काय आहे माहीत आहे का?"

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "मीठ हाय."

"आवडाबाई, ते म्हातारीचं..."

"कोनाचं नाय. यो लाकराचा पानी हाय. आमचे परावाची लाकरं ही, यो खिल्याचा भोक मना म्हाईत हाय. तीस वरसां मीठ पियालेला लाकूर. हवा ओली झाली का मीठ सुटतं. तुमचे घरात मिठाची बरनी पाझरत नाय का?"

मी खाली बसलो. पाझरते. सगळ्यांच्याच घरी पाझरते. उन्हात, वाऱ्यावर ते पाणी उडून जात होतं, आणि चटईखाली मात्र झाकून राहत होतं. एवढी साधी गोष्ट. मी तिच्यादेखत बोट फळीला लावलं आणि जिभेवर ठेवलं. खारट, कडवट मीठ होतं, दुसरं काही नाही.

आवडाबाई फडकं पिळत हसली. "आनि वास येतो तो बोंबलाचा. मिठाचा हंगाम सरला का याच परावान आमी सुकं बोंबील भरून भिवंडीला न्यायचो. मालकाला कोन सांगतं!"

दाजीसाहेब मिठागराच्या बांधावर छत्री धरून उभे होते. मी धावत गेलो आणि सगळं सांगितलं. पडावाच्या फळ्या, मीठ, पाझर. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा सैल होत गेला. मला वाटलं सुटलो, काकू सुटली. मग मी बोंबलाचंही सांगितलं. ते सांगायला नको होतं, पण मी अर्धवट काही सांगत नाही.

गेल्याच वर्षी एका गरीब भिक्षुकाने आगगाडीत तहान लागली म्हणून कुणाच्यातरी तांब्यातलं पाणी प्यायलं होतं, तर याच दाजीसाहेबांनी कल्याणात सभा भरवून त्याला पंचगव्य पाजलं होतं आणि चारचौघांत त्याच्या मिशा उतरवल्या होत्या. आता त्यांचे स्वतःचे देव चार महिने बोंबलाच्या फळ्यांवर बसले होते, आणि त्या फळ्या त्यांनी स्वतःच्या तोंडाने मागितल्या होत्या.

"हे अजून कुणाला ठाऊक आहे?"

"आवडाबाईला."

"तिचं कल्याणात कोण ऐकतं?" ते म्हणाले. छत्रीची मूठ त्यांनी या हातातून त्या हातात घेतली. "कारकून, गळती सापडलेली आहे. वहिनींचं वय झालं आहे. पुन्हा पुन्हा कशाला शोधायचं?"

मला वाईट वाटलं. मनापासून वाटलं, आणि संतापही आला. पण मी "बरं" म्हणालो. त्या घरात पंधरा वर्षं मी हाच शब्द म्हणत आलो होतो, तो तोंडातून आपोआप आला.

कल्याणला गेल्यावर काकूची चटई गोठ्यात गेली. स्वयंपाकाला एक दूरची नात्यातली बाई आली. ती मुक्कामाला धर्मशाळेत झोपायची, गाडीत नाही. देव आता कायमचे पुढच्या खणात, नव्या सागवानावर. वैशाखात आम्ही पुन्हा कळव्याला जाऊन आलो. मागचा खण रोज सकाळी ओला व्हायचा, आधीपेक्षा जास्तच. कुणी उठायच्या आत मी फडकं घेऊन जायचो आणि पुसून काढायचो.

परत आलो त्या दुपारी मी वाड्याच्या मागच्या दाराने येत होतो. गोठ्याच्या उंबऱ्यात काकू बसली होती. केवढीशी झाली होती. ओठ सोलवटले होते, आणि हातात फुलपात्र होतं, त्यात पाणी. ते ती तोंडाला न लावता नुसतं धरून बसली होती. वर ओसरीवर दाजीसाहेब सुपारी कातरत होते.

"अरे, एक विचारू का?" ती म्हणाली. "इथे माझी चटई एकदाही ओली झाली नाही. मी रोज बघते. आता हे पाणी कमी केल्यामुळे झालं, की मुळात ते माझं नव्हतंच, हे मला कळत नाही." तिने ओठांवरून जीभ फिरवली. घसा कोरडा पडला होता, पण फुलपात्र तिने वर उचललं नाही. "तू तर मागच्या खणात जाऊन बघत असशील. मी नव्हते तेव्हा गाडी ओली झाली का रे?"

ओसरीवर अडकित्ता थांबला.

माझ्या डाव्या हाताच्या बोटांना त्या सकाळचं मीठ अजून चिकटलेलं होतं. एक शब्द पुरला असता. तो शब्द मी पाच दिवस मोठ्याने ओरडून सांगितला होता, म्हणजे मला येत नव्हता असं नाही.

"नाही काकू," मी म्हणालो. "खडखडीत कोरडी होती."

तिने मान हलवली. चेहऱ्यावर दुःखसुद्धा नव्हतं, एकदाचं नक्की कळल्याचं समाधान होतं. "म्हणजे मीच," ती म्हणाली. "बरं झालं तू पाहिलंस." आणि फुलपात्रातलं पाणी तिने शेजारच्या वासरापुढे ओतलं. ओसरीवर अडकित्ता पुन्हा सुरू झाला.

ज्येष्ठ लागायच्या आत ती गेली. वैद्य म्हणाले, अंगात पाणीच उरलं नव्हतं, आणि दाजीसाहेब म्हणाले, वय झालं होतं. तिला बाहेर काढल्यावर गोठ्यातली चटई मी उचलली. खालची जमीन सारवलेली होती. मी सवयीने तिला हात लावून पाहिला. कोरडी होती.