आतला केर

“बायकांना आत बंदी आहे, तर मग आतला केर कोण काढतं?”

हा प्रश्न मुळात शरिफाचा. पण शरिफाला डोंगरावरच्या मठात कोण नेणार? म्हणून शनिवारी मधल्या सुट्टीत तिने तो रेश्माच्या गळ्यात बांधला. “उद्या चाललीयस ना, मग विचार महाराजांना. तोंडावर.”

“विचारत नाही ती,” दोघींची मैत्रीण आयत डब्यातली भेंडी निवडत म्हणाली. “वक्तृत्वात कप मिळाला म्हणून काय झालं. तिथं परीक्षक होते, इथं महाराज आहेत.”

“आणि विचारला तर?” रेश्मा म्हणाली.

“तर वर्षभर तुझे भूगोलाचे नकाशे मी रंगवणार.”

रेश्माला नकाशे रंगवायचा इतका कंटाळा होता की तिच्या वहीतला अरबी समुद्र सहावीपासून पांढराच राहिला होता. पैज लागली.

खरं तर तिने या भानगडीत पडायलाच नको होतं. उद्याच्या रविवारासाठी ती दोन वर्षं पप्पांच्या मागे लागली होती. तिचे पप्पा, नाव कल्याण, भिंगारहून स्वतःची गाडी चालवायचे. बाहेरगावचे पाहुणे आले की त्यांना नगरच्या आसपास फिरवून आणायचे, आणि माहिती सांगायला शेजारच्या सीटवर रेश्माचा चुलतभाऊ करण बसायचा. करण कॉलेजात होता. कुठल्याही जुन्या इमारतीपुढे उभा राहून तो सांगायचा, “व्हेरी ओल्ड.” पाहुण्यांनी पुन्हा विचारलं तर, “व्हेरी, व्हेरी ओल्ड.” रेश्मा म्हणायची, याच्यापेक्षा मी बरी. पप्पा म्हणायचे, पोरीचं काम न्हाई ते, दिवसभर परक्या लोकांत. पण या आठवड्यात करणला कावीळ झाली आणि पाहुणी निघाली बाई. शेवटी पप्पांनी मान हलवली. “एकदाच. नीट झालं तर पुढचं बघू.”

ते ‘बघू’ रेश्माने जपून ठेवलं होतं.

पाहुणी जॉर्जिया नावाच्या देशातली होती. तिचा नवरा एमआयडीसीत एका कंपनीत मशीन बसवायला महिनाभर आला होता. ती मुक्कामी एकटीच कंटाळली आणि तिने पप्पांच्या मोबाईलवर मेसेज टाकला: शहराबाहेरच्या ऑर्थोडॉक्स मोनॅस्टरीज बघता येतील का, अर्ध्या दिवसात, फक्त माझ्यासाठी गाडी. पप्पांनी मोबाईल रेश्माकडे दिला, रेश्माने शाळेचा शब्दकोश काढला. मोनॅस्टरी म्हणजे मठ. ऑर्थोडॉक्स म्हणजे कर्मठ, सनातनी.

“कर्मठ मठ बघायचेत तिला,” रेश्मा म्हणाली.

पप्पांनी मांडीवर थाप मारली. “मग डोंगरावरच्याहून कर्मठ कुठला? तिथं बाईला पाचव्या पायरीच्या वर पाऊल टाकू देत न्हाईत.”

एक बाई एवढ्या लांबून येऊन, बायकांना आत न घेणारा मठ हौसेने का बघेल, हे तिघांपैकी कुणालाच खटकलं नाही. मम्मी तर म्हणाली, “परदेशात नसंल तसलं काही, म्हणून बघायचं असंल.” रेश्माने उत्तर टाकलं: येस मॅडम, व्हेरी ऑर्थोडॉक्स.

रविवारी सात वाजता नीनो मॅडम गाडीत बसल्या. पन्नाशीच्या, गालावर तीळ, पायांत बूट. डोक्याला निळा रुमाल घट्ट बांधलेला आणि पँटवरून चक्क एक लांब स्कर्ट गुंडाळलेला. पप्पा आरशातून बघून खूश झाले. “बघ, परदेशी असून डोक्यावर पदर. आन् तू. ओढणी कुठंय तुझी?”

“बॅगेत आहे.”

“बॅगेला थंडी वाजती व्हय?”

नीनो मॅडमचं इंग्रजी रेश्माइतकंच मोडकं होतं, म्हणून दोघींचं जमलं. उसाच्या ट्रॉलीमागे गाडी रखडली तेव्हा रेश्माने ऊस, साखर कारखाना, गुऱ्हाळ, सगळं सांगून टाकलं. गुऱ्हाळासाठी शब्द सापडेना तर हातांनी कढई काढून दाखवली. एकदाही ‘व्हेरी ओल्ड’ म्हणाली नाही. पप्पांनी दोनदा गालातल्या गालात हसून घेतलं. तिला ते दिसलं.

पहिला मठ चिंचेच्या बनातला, छोटासा. तिथल्या म्हाताऱ्या बाबांनी गूळ-शेंगदाणे दिले, विहीर दाखवली. नीनो मॅडमनी मांजराचे फोटो काढले. मग इकडेतिकडे बघत विचारलं, “क्रॉस? व्हेअर क्रॉस?” रेश्माला वाटलं, यांना पलीकडे जायचंय. तिने हात धरून त्यांना दगडांवरून ओढा ओलांडून दिला. नीनो मॅडम पलीकडे गेल्या, तिथल्या बाभळीकडे बघत जरा वेळ उभ्या राहिल्या आणि मुकाट्याने परत आल्या.

दुसरा मठ डोंगरावरचा. गाडी खाली लावून वर चढायचं. शंभरेक पावलांवर दगडी पायऱ्या सुरू होतात आणि पाचव्या पायरीला लाल रंगातली पाटी: ‘स्त्रियांनी येथून पुढे येऊ नये.’ तिथे पोचल्यावर नीनो मॅडमनी पर्समधून करंगळीएवढी जाड, पिवळी मेणबत्ती काढली आणि विचारलं की ही लावायची कुठे, मेरीच्या चित्रासमोर ना?

रेश्माने मेणबत्तीकडे बघितलं. मेरी. क्रॉस. डोक्याचा रुमाल. ऑर्थोडॉक्स म्हणजे कर्मठ नव्हतं. ऑर्थोडॉक्स हा यांच्या पंथाचाच शब्द होता. या बाई आपल्या गावाकडच्यासारखं देऊळ शोधत आल्या होत्या आणि तिने त्यांना ओढा ओलांडून बाभूळ दाखवली होती.

पप्पा मागे दम खात उभे होते. त्यांना काही कळलं नव्हतं. काहीतरी थाप मारून वेळ निभावता आली असती. करणने मारलीच असती. पण थाप मारायची तर करण काय वाईट होता?

“मॅडम, माझी चूक झाली,” रेश्मा म्हणाली. “मी शब्द डिक्शनरीत बघितला. हे तुमचे मठ नाहीत. हे आमचे आहेत.” आणि कर्मठचा अर्थ तिने जमेल तसा सांगितला.

नीनो मॅडमनी मेणबत्ती पर्समध्ये परत ठेवली. मग पायरीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

“काय म्हनत्यात?” पप्पा घाबरले.

“आवडलं म्हणतात,” रेश्मा म्हणाली. ही एवढी एक थाप तिने स्वतःला माफ केली.

मग नीनो मॅडमनी पाटी काय म्हणते ते विचारलं. रेश्माने सांगितलं. त्यांना काही विशेष वाटलं नाही. म्हणाल्या, आमच्याकडेही देवळात आत एक दार असतं. त्याच्या मागे बायका जात नाहीत.

रेश्माच्या तोंडून आपोआपच निघालं, “मग तिथला केर कोण काढतं?”

“माझ्या आजीच्या गावातल्या मठात? म्हाताऱ्या जोगिणी. केर काढायला चालतं.”

शरिफाचा प्रश्न तिथे, पाचव्या पायरीवर, रेश्माचा स्वतःचा झाला.

इतक्यात बिभीषण महाराज स्वतः खाली उतरून आले. माणूस खरंच प्रेमळ. परदेशी पाहुणी आली म्हणून वरून प्रसादाचे पेढे घेऊन आलेले. पप्पा वाकले. पप्पांचे वडीलही इथलेच भक्त, त्यामुळे पप्पा महाराजांपुढे नेहमी वीतभर बुटके होतात. महाराजांनी समाधीची गोष्ट सांगितली, धुनी कशी विझू देत नाहीत ते सांगितलं. रेश्माने सगळं इंग्रजीत केलं. महाराज कौतुकाने म्हणाले, “कल्याण, पोरगी हुशार हाय तुझी.” आणि मग, “पाहुनीला काय इचारायचंय का?”

पप्पांचा चेहरा फुलला होता. ‘बघू’ अगदी हाताशी आलं होतं. गप्प बसलं की झालं.

“महाराज,” रेश्मा म्हणाली, “बायकांना आत बंदी आहे, तर मग आतला केर कोण काढतं?”

वाऱ्याने पाटीची पत्र्याची कड खडखडली. पप्पा घाईघाईने पुढे झाले. “बाईंचा प्रश्न हाय महाराज. पोरीनं आपला मराठीत करून सांगितला.” आणि तिला डोळ्याने खुणावलं. सुटायला वाट अशी समोर उघडी होती. नीनो मॅडमना मराठी कळतच नव्हतं.

“नाही पप्पा,” रेश्मा म्हणाली. “त्यांनी काहीच विचारलं नाही. प्रश्न माझा आहे.”

महाराज रागावले नाहीत. ते हसले, लहान पोराने पायात उलटी चप्पल घातल्यावर हसतात तसे. “अगं, ती सेवा हाय. सेवेला बाई-बाप्या नसतो.” त्यांनी खाली बोट केलं. पायथ्याच्या पारावर एक बाई नऊवारीचा ओचा खोवून पाचोळा लोटत होती. “ती आपली केशरबाई. तीस वर्सं झाली. पहाटंच आत झाडून घेती.”

“म्हणजे बाई आत जाते.”

“जात न्हाई. सेवा करती.”

“पण पायांनीच ना?”

आता महाराजांचं हसू गेलं. त्यांनी पेढ्यांचा द्रोण पप्पांच्या हातात दिला. “कल्याण, पुढल्या बारीला करणला आन. शानं पोरगं हाय. बोलत न्हाई.” आणि ते वर निघून गेले.

पप्पा द्रोण घेऊन उतरायला लागले. नीनो मॅडम त्यांच्या मागे. रेश्माचे कान तापले होते, आणि तरी कुठेतरी आत तिला चक्क बरं वाटत होतं. पारापाशी नळ होता. ती तोंडावर पाणी मारायला थांबली. केशरबाई फडकं पिळत होती.

“तूच का ती, केराचं इचारनारी?”

“ऐकू आलं तुम्हांला?”

“डोंगरावर सगळं ऐकू येतं.”

“आत कसं आहे हो?”

“कसं म्हंजी? फरशी हाय. काळी.”

“आणि वर?”

“वर बघायचं न्हाई. मान खाली घालून झाडायचं, तसंच भायेर यायचं. पैल्या दिशी सांगितलेलं हाय मला.”

रेश्माला खरंच वाटेना. “तीस वर्षांत तुम्ही एकदाही वर बघितलं नाही?”

केशरबाईने फडकं झटकून कुंपणावर टाकलं. आजूबाजूला पाहिलं. “एकदा बघितलं. कोपऱ्यात कोळ्याचं जाळं हुतं. मान खाली घालून ते कसं निघनार?”

“मग?”

“मग काय. काढलं.” ती झाडू उचलून चालायला लागली. “काय सुदिक झालं न्हाई.”

गाडीत नीनो मॅडम ऊस बघत होत्या आणि पप्पा रस्ता. मॅडमना उतरवलं तेव्हा त्यांनी रेश्माच्या दंडाला धरून पप्पांना सांगितलं, “गुड गाइड.” पप्पा सवयीने “थँक्यू” म्हणून बसले. मग गाडी भिंगारच्या वेशीला लागली.

“ते बघू म्हनलं होतं ना मी,” शेवटी ते म्हणाले. “ते झालं आता बघून. करणला बरं वाटलं की तोच येईल गाडीवर. माझ्या बापापासनं आमी तिथं जातोय. आज महाराज माझ्याकडं न बघता गेले.”

शेवटचं वाक्य रेश्माला लागलं. तिने खिडकीबाहेर बघून ते गिळलं. पप्पांना असं बुटकं करायचं तिच्या मनात नव्हतं. पण प्रश्न परत घ्यायचाही नव्हता.

घरी मम्मी आमटीला फोडणी देत होती. पप्पांनी चपला काढता काढताच सगळं सांगितलं. लेकीने नाक कापलं, मी डोळ्यानं खुणावलं तरी म्हणते प्रश्न माझा आहे, वगैरे.

“काय गरज होती गं?” मम्मी म्हणाली. पळी हातात तशीच. मग जरा थांबून, खालच्या आवाजात, “पण काढतं कोण?”

“काय?” पप्पा वळले.

“केर. आतला. लग्न होऊन आले तवापासून पाचव्या पायरीवर पेढा खाऊन परत येतेय मी. मला काय म्हाईत?”

“केशरबाई काढतात,” रेश्मा म्हणाली. “मान खाली घालून.”

आमटी उतू गेली. मम्मीने गॅस बंद केला. पप्पा दोघींकडे आळीपाळीने बघत वेताच्या मोड्यावर बसले. रेश्माने बॅगेतून ओढणी काढली, खांद्यावर टाकली, पुढे दोन्ही टोकं बांधून गाठ मारली, कपाट आवरायला घेताना मम्मी मारते तशी.

“पप्पा, महाराज सगळ्यांसमोर म्हणाले, सेवेला बाई-बाप्या नसतो. तुम्ही पण ऐकलंय. तर माझं ठरलं. पुढच्या रविवारी गाडीवर मीच येणार, करणची कावीळ बरी होवो नाहीतर न होवो. पण जी जागा मी बघितली नाही ती पाहुण्यांना दाखवणार नाही. म्हणून शनिवारी पहाटे मी केशरबाईंबरोबर आत केर काढायला जाणार. तुम्ही सोडलंत तर गाडीने, नाहीतर एसटीने. आणि मम्मीला यायचं असेल तर झाडू दोन लागतील. मी मान वर करून झाडणार आहे.”