पिठाची चाळणी

विद्याधर जोगळेकर स्वतःची गाडी स्वतःच दुरुस्त करतो, हे मुलुंड पूर्वेच्या त्या अख्ख्या सोसायटीला ठाऊक होतं. दर रविवारी त्याचे दोन पाय जुन्या मॉरिसखालून बाहेर आलेले दिसायचे आणि त्या पायांशी त्याची बायको शुभा घमेलं नि पाने घेऊन बसलेली असायची. "सगळे मेकॅनिक लेकाचे चोर," असं म्हणत तो खालून हात काढायचा आणि ती बरोबर हवा तो पाना त्यात ठेवायची. कणीक मळताना नखांना ऑइलचा वास यायचा, मळमळायचं, पण तिची तक्रार नव्हती. काढलेला प्रत्येक नट श्रीखंडाच्या डब्यात मोजून ठेवणारा सरळ माणूस आपला नवरा आहे, याचा तिला मनातून फार तोरा होता.

सत्तावन्न सालची ती गाडी सहा महिन्यांपूर्वी पार्ल्याच्या भाऊकडून घेतलेली. भाऊ म्हणजे शुभाचा सख्खा मोठा भाऊ. "घरातली गाडी घरातच राहू दे," म्हणून त्यानं दिली. आली तेव्हा मुकाट चालायची. मग गिअरबॉक्स हळूहळू घरघरायला लागला आणि शहाऐंशीच्या दसऱ्यापर्यंत असा किंचाळू लागला की गल्लीतली कुत्री मागे लागायची.

एका रविवारी विद्याधरनं गिअरबॉक्सच्या बुडाचा नट काढला. घमेल्यात काळा, गिचगिचीत लगदा पडला. विद्याधरनं तो चिमटीत धरून चोळला.

"लाकडाचा भुसा आहे. गिअरचे दाते झिजले की ऑइलमध्ये भुसा कालवतात. दोन-चार महिने आवाज बंद, तेवढ्यात गाडी दुसऱ्याच्या गळ्यात मारायची. तुझ्या भाऊनं सख्ख्या बहिणीच्या तोंडाला पानं पुसली, शुभा."

दिवसभर त्याचं तोंड चालू होतं. असल्या माणसाच्या घरचं पाणीसुद्धा पिऊ नये, म्हणाला. शुभालाही ते पटलं. भाऊबीजेला भाऊ आला, तेव्हा तिनं ओवाळलं खरं, पण त्याच्या कपाळाला कुंकू लावताना बोट आखडलं. त्यानं ताटात मोरपंखी साडी घातली. गाडी कशी आहे, हे मेल्यानं विचारलंसुद्धा नाही. ती साडी तिनं घडी न मोडता कपाटाच्या तळाशी कोंबली.

नवे गिअर कुठेच मिळेनात. शेवटी गाडी विकायचं ठरलं. गिऱ्हाईक निघालं मागच्या चाळीतला दशरथ परब. गिरणीतली नोकरी सुटल्यापासून तो घरी बसून होता आणि आता त्याला मोटार शिकवण्याचे क्लास काढायचे होते. मॉरिस बंद पडली की धक्का मारायला तोच धावत यायचा.

"त्याला सगळं सांगा हं," शुभा म्हणाली.

"न सांगायला काय झालं?" विद्याधर म्हणाला.

शनिवारी दुपारी ती भाजी घेऊन आली, तर हा मागच्या ओट्यावर उकिडवा बसलेला. पुढ्यात वखारीतून आणलेली भुशाची पिशवी आणि हातात तिची पिठाची चाळणी.

"बारीक हवा," तो मान वर न करता म्हणाला. "तुझ्या भाऊनं जाडाभरडा घातला होता, म्हणून लवकर उघडं पडलं."

शुभाला शिसारी आली. भाऊची आली होती त्याहून जास्त. याच माणसाच्या हातात पाने देत आपण इतके रविवार जमिनीवर बसलो, या विचारानं तिला स्वतःचीही किळस आली. तिनं चाळणी हिसकून घेतली आणि कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"दशरथला सांगणार होता ना?"

"सगळं जग हेच करतं. आपण एकट्यांनीच काय धर्मखातं उघडलंय?"

"सांगायला अजून उद्याचा दिवस आहे," ती म्हणाली आणि आत गेली.

रविवारी दहा वाजता दशरथ इस्त्रीचा शर्ट घालून, नारळ घेऊन आला. स्टेशनपर्यंत एक चक्कर मारून आला. गाडीनं हूं की चूं केलं नाही. साहेबांनी दुरुस्त केली, असं धरून त्यानं नारळ बॉनेटवर ठेवला.

"साहेब, मी काय एक बघूचंय नाय. गाडी तुमच्या हाताखालची, म्हणान घेतंय."

शुभानं नवऱ्याकडे पाहिलं. अजूनही वेळ होता. विद्याधर हसला.

"घे रे, निर्धास्त घे."

शुभा घरात गेली. येताना तिच्या हातात पाना होता, घमेलं होतं आणि काखेत ती मोरपंखी साडी. तिनं पदर खोचला आणि उताणी होऊन गाडीखाली सरकली. आजवर ती कधी खाली गेली नव्हती. गरम ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, घाणीनं ओकारी आली, पण नट सुटला.

"शुभा, काय चाललंय तुझं?" विद्याधर दबक्या आवाजात म्हणाला.

बाहेर येऊन तिनं घमेलं दशरथच्या पायांशी ओढलं.

"हात घालून बघा, भावजी. भुसा आहे. गिअरचे दाते गेलेत. आवाज दाबायला ह्यांनी घातलाय."

दशरथनं बोट बुडवलं, चोळलं. त्यानं बॉनेटवरचा नारळ उचलला आणि तो चाळीकडे चालू लागला.

शुभानं साडीची घडी मोडली आणि कोपरापासून खाली हात पुसायला लागली.

"अगं, ती भाऊबीजेची साडी आहे," विद्याधर म्हणाला.

"हो." तिनं दुसरं टोक त्याच्यापुढे धरलं. त्याचे हात सकाळीच साबण लावून स्वच्छ धुतलेले होते. "घ्या, तुम्हीही पुसा."