पेवात पडलेला बोका

मित्रांनो, मी एक जुना बोका आहे. दूध पिणारा किंवा कौलांवरून फिरणारा नव्हे, पुठ्ठ्याचा. सांध्यांत दोरा ओवलेला, मिशा काळ्या शाईच्या. एके काळी मी टीव्हीवर होतो. तुम्ही मला ओळखत नाही, त्यात तुमचा दोष नाही. मला कुणीच ओळखत नाही. याचं खापर मी चाळीस वर्षं माझ्या जोडीदारावर फोडत आलो आहे. तो म्हणजे ढोल्या नावाचा रेडा. त्याचं नाव काढलं तरी माझ्या मिशा ताठ होतात.

आम्हाला जन्म दिला उदगीरच्या शिवप्पाने. हा गृहस्थ दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ब्याऐंशी साली मुंबईच्या एका स्टुडिओला खेड्यातल्या माणसांसाठीच्या कार्यक्रमात मधली चार मिनिटं भरायला हलती चित्रं हवी होती. शिवप्पाला ते कुठूनसं कळलं आणि हा पठ्ठ्या पिशवीत चार ब्रश टाकून निघाला. घरी नवी नवरी दानम्मा होती. तिला सांगून गेला, "महिन्याभरात येतो." आला अडीच वर्षांनी.

कॅमेऱ्याखाली आम्हाला निजवायचं, पाय केसभर सरकवायचा, एक चित्र घ्यायचं, पुन्हा सरकवायचा. दिवसभर राबून माझी एक जांभई पूर्ण व्हायची. आणि कथा म्हणाल तर तेराच्या तेरा भागांत एकच! बोका आणि रेडा गुळाची ढेप चोरायला जातात आणि तोंडघशी पडतात. अरे, बोका गूळ खातो हे या शहाण्याला कुणी सांगितलं? गाढवाला गुळाची चव नसते म्हणतात. बोक्याला तरी कुठे असते? पण गुळाच्या बाजारात वाढलेल्या लातूरकडच्या माणसाला चोरण्यासारखं जगात दुसरं काही सुचेल तर शपथ.

त्यातल्या त्यात मी बरा होतो. माझा आवाज नाटकात काम करणाऱ्या एका सभ्य माणसाने दिला होता, स्वच्छ, तोलून मापून. रेड्यासाठी ठरलेला नट आलाच नाही, म्हणून शिवप्पा स्वतःच माईकपुढे उभा राहिला आणि रेडा टीव्हीवर उदगिरी बोलू लागला. "लई भूक लागली की रं!" मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. शिवाय त्याचा एक मागचा पाय पहिल्याच आठवड्यात हरवला. नवा कापायचा आळस, म्हणून ढोल्याला कायम गवताच्या गंजीमागे उभं केलं. अशा तीन पायांच्या ठोंब्याबरोबर मला कला दाखवायची होती.

तेरा भाग संपले. एकच पत्र आलं, कुण्या शाळकरी मुलीचं. तिला रेडा आवडला होता! स्टुडिओवाल्यांनी पुढे आमच्याच टेपांवर खतांची माहिती भरली आणि आम्हाला पुसून टाकलं. जाताना शिवप्पाच्या हातात एक कॅसेट ठेवली. तेरा भागांची जगातली ती शेवटची प्रत.

उदगीरला तेव्हा टीव्ही लावला तर नुसत्या मुंग्या दिसायच्या. त्यामुळे दानम्माने नवऱ्याचं काम कधी पाहिलंच नव्हतं. शिवप्पाने कॅसेट तिच्या हातात दिली तेव्हा ती म्हणाली, "अडीच वर्षं ह्याच्यात हाय व्हय?" आणि तिने ती देव्हाऱ्यात ठेवली. पुढे गावात टीव्ही आला, लग्नाकार्यात कॅसेटी लावायची मशीनं आली. शिवप्पाने दोनदा विचारून पाहिलं. दोन्ही वेळा उत्तर एकच, "देवातली वस्तू तमाशाला उठवत न्हाईत." हा मिशीवाला गडी ब्रश उचलून पाटी रंगवायला निघाला. बायकोला आपलं काम एकदा दाखवायचं, एवढीच त्याची इच्छा. पण तेवढं धाडस त्याला चाळीस वर्षांत झालं नाही.

भक्तीचा पुढचा अंक ऐका. दरवर्षी खंडेनवमीला घरातली हत्यारं मांडून पूजा व्हायची. वजनकाटा, कात्री, ब्रश आणि आम्ही. कॅसेटच्या एका कडेला उघडझाप होणारं झाकण असतं. दानम्माला ते कपाळ वाटलं. मग पाण्यात कालवलेल्या विभूतीची तीन बोटं त्या कपाळावर, न चुकता, दरवर्षी. पाणी वाळायचं, राख झाकणातून आत झरायची. आत आम्ही तेरा भागांसकट गुदमरत होतो आणि बाहेर कापूर जळत होता. माझी एवढी पूजा झाली आणि एवढी हेळसांड झाली, की दोन्हींतला फरक मला अजून कळलेला नाही.

या दिवाळीत नांदेडला शिकणारी नात घरी आली. दामिनी तिचं नाव. शिवप्पा आता बाहत्तरचा. एका डोळ्याने दिसेनासं झालंय, दुसऱ्याचा भरवसा डॉक्टरही देत नाहीत. दामिनीने विचारलं, "आज्जा, ह्याच्यातलं तुम्ही शेवटचं कधी बघितलंत?" म्हातारा बोटांवर वर्षं मोजू लागला. तिने आज्जीला न विचारता कॅसेट ओढणीत गुंडाळली आणि नांदेडला अमरेशच्या दुकानात नेली. लग्नाच्या जुन्या कॅसेटी तो मोबाइलवर घेऊन देतो.

अमरेशने स्क्रू काढले आणि कपाळाला हात लावला. "ताई, ह्याच्यात राख कुणी भरली?"

"पूजा करत होते," दामिनी म्हणाली.

"मग आता प्रसाद काय निघतो ते बघू."

तीन दिवस तो बिचारा ब्रशने फीत झाडत होता. बोटभर ओढली की तुटायची. तेरा भागांतून निघाले बावीस सेकंद. त्यातही मी नाही. मी, ज्याची कला, ज्याचा स्वच्छ आवाज! आहे तो रेडा. नवव्या भागात मी गुळाच्या वासाने जमिनीतल्या धान्याच्या पेवात पडतो. बावीस सेकंद फक्त ढोल्या गंजीआडून पेवाच्या तोंडाशी वाकून उभा आहे आणि खाली ओरडतोय.

दामिनीने घरी मोबाइल आजोबांच्या चांगल्या डोळ्यासमोर धरला. दानम्मा शेजारी बसली. रेडा ओरडला, "वर ये की रं! मी हितंच हाय!"

दानम्माचा हात तोंडावर गेला. "अवो, ह्यो तर तुमचा आवाज! आपल्या लग्नाच्या येळचा!" तिचे डोळे भरून आले. मग तिने विचारलं, "बाकीचं कुठंय?"

दामिनीने आजोबांकडे पाहिलं. शिवप्पा म्हणाला, "टेप जुनी झाल्ती. वाळवी लागली." फितीला वाळवी! खोटंही याला धड बोलता येत नाही. पण राखेचं नाव त्याने काढलं नाही, आणि दामिनीनेही नाही.

"कुणाला हाका मारायलाय वो?" दानम्माने विचारलं.

"खाली बोका पडलाय."

"कसला बोका?"

मग शिवप्पाने सांगितलं. माझ्या मिशा कशा होत्या, जांभई कशी होती, मी कसा तोऱ्यात चालायचो. हवेत बोट फिरवून त्याने मला काढून दाखवलं. बायकोला आपलं काम त्याने अखेर दाखवलं ते असं.

मित्रांनो, तुमच्याही घरी कुणाचं तरी काम कपाटात नाहीतर देव्हाऱ्यात पडलेलं असेल. त्याला फुलं वाहू नका. काढा, पुसा, आणि ज्याने केलंय त्याच्या शेजारी बसून बघा. तो हयात आहे तोवर बघा. हात जोडून मोकळं होणं फार सोपं असतं, म्हणून तर सगळे हात जोडतात.

रोज दुपारी दानम्मा ते बावीस सेकंद लावायला लावते. शेजारपाजारचं कुणी बसलेलं असतं. तो मठ्ठ, तीन पायांचा, अडाणी रेडा वाकतो, हाक मारतो, आणि माणसं विचारतात, "खाली कोण आहे?"

मी आहे, मित्रांनो. तो हाक मारतोय म्हणून आहे.